नारायण पेठेतला दुपारचा खेळ

वंदनाचा सिनेमा बघायला पुण्याला जायचं, हे आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ठरलं. वंदना माझ्या शेजारी बसून कोड लिहिते आणि रजा काढून सिनेमात काम करते. या सिनेमात शेवटी तिचा विवस्त्र प्रसंग आहे. येरवड्यात राहणाऱ्या वडिलांना तो तिला स्वतः दाखवायचा होता. "कुणी मोबाइलवर तेवढाच तुकडा दाखवायच्या आत त्यांनी पूर्ण गोष्ट बघायला हवी," ती म्हणाली. मला हा वेडेपणा वाटला, पण तिला एकटं सोडवेना.

नागपूरहून रात्रीची स्लीपर घ्या, पण शेवटच्या बर्थच्या वाटेला जाऊ नका, हाडं खिळखिळी होतात. नगर रस्त्यावर बस मुंगीच्या पावलांनी सरकते. आम्ही येरवड्यातच उतरलो. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयारच होते. आईने आग्रह करकरून मटण-भाकरी वाढली आणि गुडघे दुखतात म्हणून ती घरी थांबली.

पेठेत रिक्षानेच जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. सिनेमाच्या खेळासाठी हॉल दुपारचा स्वस्तात मिळाला होता, कारण त्या वेळी तिथे कुणी काही करत नाही. दारावर पाटी होती: 'चित्रपट संथ आहे. घाई असणाऱ्यांनी आत येऊन इतरांना घाई करू नये.'

सिनेमा खरंच संथ. नवरा कॉल सेंटरात रात्रपाळीला, बायको कारखान्यात दिवसपाळीला. खाट एकच. तो उठून गेला की ती त्याच्या उबेत आडवी होते. डबे, भांडी, कुलूप, पुन्हा तेच. हळूहळू आपल्यालाही त्या उबेची ओढ लागते. शेवटी कधीतरी दोघांना एकाच दिवशी सुटी मिळते आणि ती एकमेकांसमोर नवख्यासारखी लाजतात. त्यांचे कपडे उतरले तेव्हा मला रडू आलं.

बाबांची मान मात्र पहिला डबा भरतानाच कलली होती. मी वंदनाला ढोसलं.

"झोपू दे गं. नोकरीभर दुपारची झोप मिळाली नाही त्यांना. उठवते थोड्या वेळाने."

मग ती स्वतःच पडद्यात हरवली. बाबांना जाग आली ती पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी खोकल्याने. समोर त्यांची मुलगी होती, अंगावर काही नसलेली, आणि एक परका पुरुष. ते उठले आणि तडक बाहेर गेले. आम्ही मागे धावलो.

"बाबा, तुम्हाला झोप लागली होती. आधीची गोष्ट..."

"मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

"अहो, त्यात बोलणंच नाही फारसं."

"पाहायचं ते पाहिलं." त्यांनी रिक्षा थांबवली आणि एकटेच बसून गेले.

आम्ही येरवड्याला पोहोचलो तर आईने दारातच आमच्या बॅगा हातात दिल्या. "बुद्धपौर्णिमेला येऊ नकोस म्हणतात. पाहुणे असतात," ती खाली बघत म्हणाली. परतीच्या बसमध्ये वंदना बर्थच्या पडद्याकडे तोंड करून पडून राहिली.

असे सिनेमे बघायला जाताना पोटभर जेवू नका, अशी गंमत इथे लिहायचं मनात होतं. आता लिहवत नाही. तो सिनेमा मला अजून सोडत नाही आणि बाबांचा रागही धड करता येत नाही.

काल ऑफिसात तिला आईचा फोन आला. तिने तो स्पीकरवर ठेवला.

"सारखं एकच विचारतात गं. तो माणूस कोण होता?"

"नवरा होता, आई."



"कुणाचा?" आईने विचारलं.