दोघींचं हेक्स एकच

लातुरात तेव्हा क्लासचं नुसतं पेव फुटलं होतं. गल्ली म्हणू नका, बोळ म्हणू नका, जिथं तिथं पाट्या. त्यातल्याच एका कॉम्प्युटर क्लासात दयानंद जावा ही प्रोग्रामची भाषा शिकवायचा. पोरांवर ओरडायचा, "आकडा हेक्समध्ये नेताना झोपू नका रे! पुढचं शून्य गळतं, उणे आकडा आला की एफांची रांग लागते!" हेक्स म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ वापरून आकडा लिहायची रीत. त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तो नांदेडला होस्टेलवर होता, म्हणून वाचला. औशाकडच्या गावात आई, कस्तुराबाई, ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. जुळ्या बहिणी, वनिता आणि तनुजा, गेल्या. गाव वनीला तनी म्हणायचं, तनीला वनी. आईला मात्र पाठमोऱ्यासुद्धा कळायच्या. सरणं सगळ्यांची एकत्रच रचली. कुणाची राख कुठली, कोण सांगणार!

दहा वर्षांनी नव्या गावठाणात नावांचा दगड बसवायचं ठरलं. आईचं एकच मागणं. "दोघींची नावं एकाखाली एक घाल, बाळा. मला वाचता येत न्हाई, पर हात तरी फिरवीन."

नावं तीन ठिकाणांहून आली, तीच माणसं पुन्हा पुन्हा. दयानंद म्हणाला, त्यात काय अवघड? प्रोग्रामच लिहितो. नावातल्या अक्षरांचे आकडे करायचे, आकड्यांचं हेक्स, आणि पुढं घर नंबर. दोन नोंदी सारख्या आल्या की माणूस एकच. एक ठेवायची, दुसरी उडवायची. शून्याची काळजी घेतली, उण्याची घेतली. तपासून बघायला मात्र नावं घातली इंग्रजीत, क्लासातल्या सवयीनं. सगळं चोख आलं. गडी खूश.

दगडावरचा पडदा निघाला. कस्तुराबाई पुढं झाली, दयानंदनं तिचं बोट नावावर टेकवलं. "ही कोण?"

"वनिता."

बोट खाली सरकलं. "आन ही तनी."

खाली शेजारच्या विरूपाक्षांचं नाव होतं.

तडक लातूर गाठून त्यानं तो प्रोग्राम पुन्हा चालवला. घात हेक्सच्या आधीच झाला होता. पडद्यावर मराठी झकास दिसत होती, पण अक्षरांचे आकडे करताना ते जुनं मशीन मराठी ओळखतच नव्हतं. प्रत्येक अक्षराच्या, काना-वेलांटीच्याही जागी प्रश्नचिन्ह ठेवत होतं. प्रश्नचिन्हाचं हेक्स थ्री एफ. तनुजा म्हणजे थ्री एफ, थ्री एफ, थ्री एफ, थ्री एफ, थ्री एफ. वनिता म्हणजेही तेच. घर एक, बाप एक, लांबी एक. मशीननं एक पोरगी उडवली. मेल्या, जगाला शिकवत होतास ना!

आईपासून त्यानं काही लपवलं नाही. "चूक माझीच हाय. दगडाच्या तळाला जागा हाय, तिथं कोरून घेतो," म्हणाला.

कस्तुराबाई म्हणाली, "गावाला कळत नव्हतं, गावाचं सोड. तू तर भाऊ व्हतास रे. तुला तरी दोघी येगळ्या दिसायला पायजे व्हत्या."