भिवराबाईच्या घरचं पाणी

रामहरी मास्तरांना पोटाचा आजार कधीच नव्हता. पण बीडकडच्या पालीच्या अलीकडे, बिंदुसरा नदीच्या काठच्या त्या लहानशा गावात मिशनच्या शाळेवर ते रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी भिवराबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मास्तर म्हणाले, "आज पोट बरं नाही, बाई." पुढची सहा वर्षं त्यांनी या एका वाक्यावर निभावून नेली.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, पहिली मोठी लढाई चालू होती त्या सुमाराची. मास्तर जन्माने महार. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते सात वर्षांचे होते. मग नगरकडच्या बोर्डिंगात शिकले, कोट घालू लागले, शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ केलं. भिवराबाई मांगीण, तीही ख्रिस्ती. आपण सगळी एकाच बापाची लेकरं, असं मास्तर दर रविवारी सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येई. पण महाराने मांगाच्या हातचं पाणी प्यायचं नाही, हा जुना रिवाज काही त्यांच्या अंगावरून उतरला नव्हता. त्याची त्यांना लाज वाटत नव्हती असंही नाही. रोज थोडी वाटायची आणि रोज ते ती गिळून टाकायचे.

बरं, असल्या पाण्याची चव त्यांना माहीत नव्हती असंही नाही. पाट्या-पुस्तकं आणायला बीडला गेले की शिवलिंगप्पा दुकानदार त्यांना लांब उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतायचा, आणि कोटाच्या बाह्या भिजायच्या. त्या भिजलेल्या बाह्यांवर मास्तरांनी एक आख्खं प्रवचन रचलं होतं. ते ऐकून भिवराबाई हळहळून म्हणाली होती, "लई वंगाळ केलं बगा त्यानं." मास्तरांनी मान हलवली आणि ते घरून आणलेल्या आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले.

शाळा भरायची ती भिवराबाईच्याच अंगणात. महारवाड्यात जागेवरून भाऊबंदकी उठली, गावाने तर जागा द्यायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा ही बाई म्हणाली, माझं छप्पर रिकामं हाय, तिथं बसा. आठवडाभर तिथे पोरं पाढे म्हणायची आणि रविवारी तिथेच उपासना व्हायची. महारवाड्यातली ख्रिस्ती घरं पुढे बसायची, मांगवाड्यातली मागे. चटया मास्तरच अंथरत. मागच्यांना उशीर होतो म्हणून मागे, असं त्यांनी स्वतःला पटवून ठेवलं होतं.

बाईचं आयुष्य सांगायचं तर ऐकणाराच रडकुंडीला येईल. नवरा पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. दोन तरणी पोरं प्लेगात एका आठवड्यात गेली. शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या बांधायची, अंबाडीचे दोर वळायची, त्यावर पोट. बाप्तिस्मा घेतला तेव्हा मांगांच्या रिवाजाप्रमाणे मरीआईच्या गाड्यापुढे जायचं तिने नाकारलं, म्हणून खळ्यावरचा तिचा धान्याचा वाटा बंद झाला. गावात केरसुणी कोणी घेईना. मग डोक्यावर भारा घेऊन ती बीडपर्यंत पायी जायची. आणि एवढं सगळं होऊन बाई सदा हसतमुख. केरसुणी बांधताना गाणी म्हणायची, आवाज असा की झाडावरचे कावळे उठावेत. पोरं तिची नक्कल करायची, तीच त्यांना आणखी वरच्या पट्टीत करून दाखवायची.

मास्तरांना हे कोडं होतं. त्यांना स्वतःला आनंद म्हणून कधी नीट लाभला नव्हता. आनंदावर बोलायचे खूप. एकदा त्यांनी तिला विचारलंच की, बाई, एवढं सोसून तुम्हाला हसू येतं कुठून? ती दोराला पीळ देत बोलली, "मला जन्मात कुनी नावानं हाक मारली न्हाई, मास्तर. ए मांगीन, सरक तिकडं, हीच हाक. प्रभूनं मला भिवरा म्हनून हाक मारली. पोरं गेली तवा नदीवर जाऊन लई रडले, त्यालाच चार शिव्या दिल्या. तरी बी त्यानं पुन्ना भिवराच म्हनलं. आता ह्यो आवाज कोन काढून घेतो माज्यातून?"

मास्तरांनी हे वहीत उतरवून घेतलं आणि पुढच्या रविवारी प्रवचनात वापरलं. तिचं नाव मात्र घेतलं नाही, "एक गरीब बाई" म्हणाले.

सहा महिन्यांतून एकदा मिशनचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, टांग्यातून येत आणि प्रभुभोजनाचा विधी होई. मनुका भिजवून काढलेलं पाणी एकाच प्याल्यात ओतून तो प्याला सगळ्यांत फिरायचा. गोम इथेच होती. प्याला पुढून सुरू व्हायचा, म्हणजे मास्तरांपासून. मग महारवाडा, मग मांगवाडा, आणि सगळ्यात शेवटी भिवराबाई. तळाशी राहिलेलं ती डोळे मिटून प्यायची. त्या दिवसाची ती सहा महिने वाट पाहायची, अंगण दोनदा सारवायची, धुवट लुगडं नेसायची. ती मुद्दाम शेवटी बसते, ते नम्रतेपोटी, असं मास्तर समजत होते.

त्या वर्षी पाळकसाहेब नवे आले. त्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी भाकरीचे तुकडे वाटले, प्याला हातात घेतला आणि चालत थेट मागे गेले. म्हणाले, आज मागून सुरू करू. आणि प्याला पहिल्यांदा भिवराबाईच्या हातात आला.

मास्तरांच्या लगेच ध्यानात आलं. आता तिच्या ओठांना लागलेला प्याला फिरत पुढे येणार. धोंडीराम, महारवाड्यातला वडीलधारा, मान वळवून मास्तरांकडे बघू लागला. मास्तरांनी नजर खाली घातली. वर पाहिलं तेव्हा भिवराबाई त्यांच्याकडेच बघत होती. रागाने नाही. आजारी लेकराकडे आई बघते तसं.

तिने प्याला कपाळाला लावला आणि न पिताच शेजारणीकडे दिला. शेजारीण तिच्यापेक्षा वयाने थोर. तिने भिवराबाईचं तोंड न्याहाळलं आणि तिनेही प्याला नुसता कपाळाला लावला. मांगवाड्याच्या सगळ्या रांगेत तसंच झालं. पाळकसाहेब गोंधळले. भिवराबाईला विचारू लागले, बाई, काय झालं?

"आज पोट बरं न्हाई, साहेब," ती म्हणाली.

प्याला भरलेलाच पुढे आला. धोंडीरामाने समाधानाने घोट घेतला. मग तो मास्तरांच्या हातात आला. त्यांना कळलं की ही बाई सहा वर्षं नम्रतेपोटी शेवटी बसत नव्हती. मास्तरांची पंचाईत होऊ नये म्हणून बसत होती. ती सगळं पहिल्या दिवसापासून जाणून होती. त्यांनी प्याला तोंडाला लावला, आणि घोट घेतला.

त्यानंतर तिच्याशी बोलायचं असं त्यांनी दहादा ठरवलं. दहादा अंगणात गेले आणि पाढे घेऊन परत आले. ती आपली नेहमीसारखी म्हणायची, "सलाम मास्तर, आलाव का?" तिच्या सलामाने त्यांचा चेहरा उतरायचा.

दसरा झाला आणि मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या तापाची, साथ आली. घरटी माणूस पडू लागलं. मास्तरांची बायको केशरबाई बाळंतपणाला लेकरांसह माहेरी गेलेली, घरात मास्तर एकटे. तिसऱ्या दिवशी उठून रांजणापर्यंत जायची ताकद राहिली नाही, आणि रांजणही कोरडा. भर दुपारी त्यांना दाराशी भिवराबाईचा आवाज ऐकू आला. ती त्यांच्याशी बोलत नव्हती. शेजारी धोंडीरामाच्या बायकोला, छबुबाईला हाका मारत होती. "छबुबाई, मास्तराला एवढं पानी दे गं. मी भरून आनलंय, तू तुज्या घागरीत वतून घे आन् तू दे."

आतून कण्हण्याशिवाय उत्तर नाही. छबुबाईही पडलेली होती. मग भिवराबाई उंबऱ्याबाहेरूनच मास्तरांना म्हणाली, "दम धरा, मास्तर. मी तुमच्यातलं कुनी बगते." आणि निघाली.

इथेच त्यांनी थांबवायला हवं होतं. जीभ टाळूला चिकटली होती, भरलेली घागर दारात होती, हाक मारण्याएवढा आवाज अजून गळ्यात होता. पण मास्तर गप्प पडून राहिले. कोणीतरी मिळेलही, असं त्यांच्या मनात आलं. पुढे आयुष्यभर त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. तापाने फणफणलेल्या अंगानेसुद्धा ते महाराचा हात शोधायला तिला घरोघर फिरू देत होते.

बऱ्याच वेळाने ती परत आली. "समदी पडल्यात," ती म्हणाली, "उबं ऱ्हायलेलं कुनीच न्हाई. आता कसं करू, तुमीच सांगा."

"तुम्हीच द्या," मास्तर म्हणाले.

ती आत आली, त्यांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि पाजलं. चार दिवस ती येत राहिली. पेज करून पाजली, अंग पुसलं, आणि सगळा वेळ ती तिची बेसूर गाणी म्हणत होती. मास्तर भिंतीकडे तोंड करून ऐकत होते, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

महिन्याभराने गाव सावरलं. छबुबाई वाचली. महारवाड्यात कुजबुज सुरू झाली होती की मास्तर मांगिणीच्या हातचं पाणी प्यायले. धोंडीराम एक दिवस येऊन बसला आणि समजुतीने म्हणाला, "तापात मानसाला सुद नसती, मास्तर. ते पानी पेलं म्हनायचं न्हाई. कुनी इचारलं तर सांगा, मला कायबी आठवत न्हाई."

मास्तरांनी मान डोलावली.

धोंडीराम गेला आणि ते तिथेच बसून राहिले. आठवत नाही! प्रत्येक घोट आठवत होता. त्या बाईने त्यांचा जीव वाचवला आणि त्यांनी एका मान हलवण्यात तिला पुसून टाकलं. दुसऱ्यांना शास्त्र शिकवणाऱ्या आपल्या तोंडाची त्यांना शिसारी आली. शिवलिंगप्पा तरी तोंडावर लांब उभं करायचा.

रविवारी सगळे अंगणात जमले. मास्तर उठले, शास्त्र उघडलं, आणि परत मिटलं. म्हणाले, आज प्रवचन नाही, मला कबुली द्यायची आहे. प्रभुभोजनाच्या दिवशी भिवराबाईंचं पोट चांगलं होतं. त्या माझी लाज झाकायला खोटं बोलल्या आणि प्रभूच्या प्याल्याला मुकल्या, आणि मांगवाडाही मुकला. मी मात्र सहा वर्षं रोज खोटं बोलत होतो. आणि तापात मी पूर्ण शुद्धीत होतो. शुद्धीत असून त्यांना दारोदार हिंडू दिलं.

धोंडीरामाने आपला तांब्या उचलला, छबुबाईला ऊठ म्हणाला आणि चालू लागला. छबुबाई उठली नाही. बसल्या जागी पदर सारखा करत राहिली.

मास्तर चटया ओलांडून मागे गेले. भिवराबाईसमोर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "भिवराबाई, तुमच्या घरचं पाणी द्या मला."

ती आत गेली आणि लवकर बाहेर येईना. आली तेव्हा तांब्या तिच्या हातात हिंदकळत होता आणि ती रडत होती. नवरा नाही, पोरं नाहीत, गाव उलटलं, तरी मास्तरांनी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिला काही लागतच नाही असं ते धरून चालले होते. तिच्या आनंदाला ते निबर कातडी समजत आले होते. आणि रोजचा एकेक नाकारलेला तांब्या तिला लागत होता, सहा वर्षं लागत होता, आणि ते लागणं घेऊनच ती गात होती. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. मान वर करायचा धीर होईना. भिवराबाईने पदराने नाक पुसलं, आणि रडता रडताच तिला हसू फुटलं.

"मला वाटलं व्हतं, मास्तर," ती म्हणाली, "माज्या हातचं पानी तुमी आता सर्गात गेल्यावरच पेताल."