न पाहिलेली पाकळी

“मॅक्युलर इडिमा,” म्हापशाच्या इस्पितळातील डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी आलेली सूज. मी त्यांच्याकडेच पाहत होतो. केस दिसत होते, कान दिसत होते. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग होता.

मधुमेह जुना. सुरुवात क्षुल्लक होती. आमच्या गावी, हळर्णला, परसातील पोफळ मध्येच वाकलेली दिसू लागली. मी चष्म्याला दोष दिला. पुढे माणसांचे चेहरे गेले. पत्नी घरात वावरे. साडी दिसे, आवाज येई, चेहरा नसे. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

डॉक्टरांनी स्कॅन करून समजावले. पडद्यात म्युलर पेशी असतात. पाहणाऱ्या पेशींना आधार देणे आणि साचणारे पाणी बाहेर टाकणे हे त्यांचे काम. त्याच फुगल्या की पाणी साचत जाते.

“शरीरातले काही हार्मोन ही सूज आवरतात, आजोबा. नेमके कसे, याचा पुरता उलगडा झालेला नाही. त्याच जातीचे औषध, स्टेरॉइड, डोळ्यात इंजेक्शनने देऊ. डोळ्याचा दाब वाढू शकतो, त्यावर लक्ष ठेवू. उशीर मात्र नको.”

डोळ्यात सुई. मी म्हटले, कौल घेतल्याशिवाय नाही. आमच्याकडे अशा वेळी देवाला विचारतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

देवळात पुजाऱ्याने गाऱ्हाणे घातले, माझा प्रश्न देवापुढे मांडला. आम्ही थांबलो.

“पडली,” तो म्हणाला.

मी समोर पाहिले. देवाच्या जागी डाग होता.

“उजवी!” शेजारून पत्नी म्हणाली. “देवान होय म्हटल्यान. आता चला.”

पुजाऱ्याची मान तिच्याकडे वळली. मग त्याने माझ्या हातावर तीर्थ घातले.

इंजेक्शनआधी थेंब घालून डोळा बधिर करतात. सुई दिसत नाही. दाब तेवढा जाणवतो. सूज हळूहळू उतरली. दाबाची तपासणी अजून चालू आहे.

एका सकाळी चहा देताना पत्नीचा चेहरा दिसला. मी गमावला होता त्याहून तो म्हातारा होता.

“माझ्या तोंडाक काय लागला?”

“काही नाही.”

“मगे च्या घेवा, निवता.”

कोणती पाकळी पडली, हे मी विचारलेले नाही. डावी मात्र मला अधूनमधून दिसते, ओली, स्पष्ट.

ज्यांना सरळ रेषा वाकड्या दिसू लागतील, त्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत. कौल नंतर. आणि कौलाला जाताना घरचे माणूस सोबत न्यावे. माझ्यासोबत होते.