बारशाच्या दिवशी विहिरीचं पाणी

भुताखेतांच्या गोष्टी मी चहासोबत चिवडा खावा तशा ऐकते. वेळ जातो, पोट भरत नाही. गेली वीस वर्षं अकोल्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल शिकवतेय. विहिरी, नळ आणि गटारं हे माझे विषय. पुढचं वाचून 'मॅडमला ऊन लागलं असेल' म्हणायचं असेल, तर आधीच सांगते... डोक्याला ओला दुपट्टा होता, आणि मी वऱ्हाडातली आहे.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी अमरावतीच्या कॉलेजातून पर्यावरण अभियांत्रिकीचं एम.ई. करायला घेतलं. शेवटचं वर्ष, थिसिस. विषय – खारपाणपट्ट्यातल्या विहिरी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी इतकं खारं, की चहा करायची सोय नाही. अकोट भागातल्या विहिरींचे नमुने घेऊन क्षार मोजायचे होते. माझं म्हणणं साधं होतं : विहिरीचं पाणी एका दिवसात बदलत नाही, म्हणून दिवसाला एक नमुना पुरे. सगळा थिसिस या वाक्यावर उभा होता. नोंदणीची मुदत त्या पावसाळ्यात संपत होती. या खेपेला जमलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून... आणि तेवढा दम माझ्यात नव्हता.

वैशाखात अकोटजवळच्या एका गावात गेले. नळ आल्यापासून तिथली जुनी विहीर कोणी वापरत नाही. सकाळी नमुना घेतला, मीटर टाकला – क्षारांचा आकडा हजारांत. अपेक्षेप्रमाणे. तेवढ्यात बायकांचा घोळका आला. पुढे गावातल्या शांताकाकू, मागे त्यांची बाळंतीण लेक, हळदकुंकू, घुगऱ्यांचं टोपलं. घरी बारसं होतं, त्याआधी बाळंतिणीनं विहीर पुजायची. दारात नळ असला तरी पूजा विहिरीचीच.

"काहून वं मॅडम, इहिरीत काय पाहून राहिल्या? सोनं पडलं काय तुमचं?"

"मीठ मोजतेय, काकू."

"आता पूजा होऊ द्या, मंग मोजा. आज गोड लागन पाणी."

"पूजेनं खारं पाणी गोड होत नसतं."

"मंग पिऊन पाहा. नाही लागलं गोड तं थुका!" बायका हसल्या.

लेकीनं पूजा केली, बादलीभर पाणी शेंदलं, सगळ्यांच्या ओंजळीत थोडं थोडं घातलं. नमुना तोंडात घालायचा नसतो, हे मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते. पण घुगऱ्या घ्यायच्या आणि पाण्याला नाही म्हणायचं, असं आपल्याकडे चालत नाही. प्यायले.

गोड. म्हणजे साखरेसारखं नव्हे, मेळघाटातल्या झऱ्याचं असतं तसं. सरळ घशाखाली उतरणारं.

मीटर क्षार आधीच ठाऊक असलेल्या प्रमाण द्रावणात बुडवून तपासला, ठीक होता. विहिरीत सोडला... आकडा शेकड्यांत. बाटली खोलवर सोडून तिथेच उघडली आणि दुसरा नमुना घेतला.

"काहून चूप बसल्या?" शांताकाकूंनी घुगऱ्या चावत विचारलं.

बायका गेल्यावर थर्मासमधला चहा संपवून तिसरा नमुना घेतला. पुन्हा हजारांत.

तिन्ही बाटल्या एसटीनं अमरावतीला नेल्या. क्लोराइडची चाचणी स्वतः केली, मग परत केली. मीटर खोटं बोलला नव्हता. पाऊस म्हणावा तर वैशाख. कोणी टँकर ओतला म्हणावं, तर त्या विहिरीला टँकरांची रांग लागली असती, आणि मी जागची हलले नव्हते. शिवाय ओतलेलं पाणी चहा पिईपर्यंत गेलं कुठे?

माझा गाइड माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तक्ता बघून म्हणाला, "मॅडम, ही मधली नोंद काढून टाका ना. आउटलायर आहे, बाकीच्यांशी जुळत नाही."

"आउटलायर मी प्यायलेय, सर."

"ते फक्त लिहू नका. विषय वाढवाल तर मुदत जाईल."

पुढे त्याच गावात आणखी दोन बारशी झाली. दोन्हींना मीटर घेऊन गेले. दोन्ही वेळा पाणी खारंच.

"आज का नाही झालं गोड?" मी शांताकाकूंना जरा खवचटपणेच विचारलं.

"पाणी काय तुमच्या कालेजातलं पोट्टं हाय मॅडम, नाव पुकारलं का हजेरी द्याले?"

सबमिशनच्या आठवड्यात तक्ता उघडून बसले. ती ओळ खोडली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. पण मुलं असंच करतात तेव्हा मी त्यांना प्रयोग पुन्हा करायला लावते. ओळ ठेवली, आणि निष्कर्षाचं आख्खं प्रकरण नव्यानं लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक त्या ओळीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "याचं कारण?"

"माहीत नाही."

"थिसिसमध्ये असं चालत नाही."

"मग दिवसाला एक नमुना पुरतो, हेही चालत नाही, सर. म्हणून ते मी मागे घेतलंय."

गाइडनं डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी तिन्ही आकड्यांवरून पुन्हा पेन्सिल फिरवली. मग खुर्ची थोडी पुढे ओढून हळूच म्हणाले, "चव कशी होती?"

सांगितली. पास केलं त्यांनी. पाणी गोड का झालं, हे त्यांनाही सांगता आलं नाही, आणि मला आजही सांगता येत नाही.