पाय घसरला नव्हता

माझ्या धाकट्या जावेला पोलिसांत 'उभ्या बाई' म्हणतात. घरात ती नुसती धाकटी. सरकारी वकील आहे, पण चोरांना शिक्षा मागणारी नव्हे. पोलिसांनी कुणाला नाहक मारलं, डांबलं, कुणाचा हक्क तुडवला, तर सरकारच्याच वतीने पोलिसांना जाब विचारायचा, असं तिचं खातं आहे आणि त्या खात्याची ती प्रमुख.

सासूबाईंना हे काम कधी पटलं नाही. एकदा जेवताना म्हणाल्या, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. सरकारचा पगार घेऊन सरकारच्याच माणसांना धारेवर धरायचं, हे कसलं गं काम?"

धाकटी म्हणाली, "आई, दातांनी ओठ चावला म्हणून दात कुणी पाडत नाही. पण 'चावलं' म्हणून ओरडायचं तरी की नाही?"

"ओरड बाई, खुशाल ओरड. आधी ते दूध बघ."

दूध तोवर उतू गेलं होतं. स्वयंपाकघरात तिचं असंच. कायद्याची कलमं तोंडपाठ, पण साखरेचा डबा विचारल्याशिवाय सापडायचा नाही.

'उभ्या बाई' नाव पडलं ते तिच्या एका सवयीमुळे. ती ठाण्यात गेली की साहेब लगबगीने खुर्ची पुढे करतात. ही बसत नाही. तक्रार घेऊन आलेला माणूस उभा आहे तोवर हीही उभी. फाईल भिंतीला टेकवून लिहील, पाय दुखले तर भार बदलेल, पण बसणार नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "उभा माणूस दोन शब्दांत आटोपतो, वहिनी. मी बसले नाही की साहेबांना त्यालाही खुर्ची द्यावी लागते, आणि बसला की तो सगळं सांगतो."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाली बसते. तिचा मुलगा रंगकाम करतो, हाताला चांगला, बोलायला लाजरा. ज्या इमारतीत तो रंग देत होता तिथे चोरी झाली आणि पोलिसांनी त्यालाच उचललं. खरा चोर दुसऱ्या दिवशी सापडला. ह्याला सोडलं, पण डावा कान कायमचा बहिरा झाला होता. पोलिसांनी लिहिलं, न्हाणीघरात पाय घसरून पडला. इस्त्रीवाली म्हणत होती, "मी ठाण्याच्या अंगणात उभी होते. त्याचं ओरडणं मी ह्या कानांनी ऐकलं." त्यावर पोलिसांचं म्हणणं, ही बाई त्या दिवशी ठाण्यात आलीच नव्हती.

प्रकरण धाकटीच्या खात्याकडे आलं. वरून निरोप आला की भरपाई द्या आणि मिटवा, चूक कबूल करायचं कारण नाही. धाकटीने काही झाकपाक न करता तो निरोप इस्त्रीवालीपुढे ठेवला.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "भरपाई द्या, नाहीतर देऊ नका, बाई. लोक म्हणतात, पिऊन पडला असेल. त्याचा पाय घसरला नव्हता, एवढं सरकारनं चार माणसांत म्हणावं."

"आणि सिद्ध करता आलं नाही तर?"

"तर नाही आलं म्हणा. पण घसरला म्हणू नका."

ह्यानंतर धाकटी जागा पाहायला त्या ठाण्यात निघाली. इस्त्रीवाली तिथे पाऊल टाकायला धजेना, म्हणून तिच्या सोबतीला मीही गेले. फाटकाच्या आत जप्त केलेल्या मोटारसायकली, त्यांच्या चाकांतून गवत वर आलेलं. फाटकाशी एका झाडाची छान सावली. पलीकडे भिंतीलगत गळका नळ, त्याच्या वर गजांची खिडकी. आम्ही दोघी सावलीत थांबलो. धाकटी आत गेली. दार सताड उघडं होतं, बोलणं ऐकू येत होतं.

"बसा, मॅडम."

"तक्रारदार उभ्या आहेत, साहेब."

"मग त्यांना आत बोलावू की."

"आत यायला त्यांचे पाय उचलत नाहीत. खुर्ची बाहेर पाठवा."

साहेबांनी एका जुन्या हवालदाराला हाक मारली. डोक्यावरचे केस पांढरे झालेले, चालण्यात थकवा. तो खुर्ची घेऊन बाहेर आला. आमच्याकडे पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि सावली सोडून थेट नळापाशी गेला. भर उन्हात, खिडकीखाली खुर्ची मांडली. "या, बसा," म्हणाला.

धाकटी त्याच्या मागोमाग आली होती. "दादा, सावली सोडून इथं का ठेवलीत?"

"त्या इथंच उभ्या होत्या ना..." एवढं बोलून तो थांबला.

"कधी?"

त्यापुढे तिने काही विचारलं नाही. नुसती उभी राहिली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. हवालदाराने नळ घट्ट पिळला, तरी तो गळतच राहिला.

इस्त्रीवालीच बोलली. "दादा, त्या दिवशी तुम्ही मला पाणी दिलंत."

"दिलं," तो म्हणाला. मग वर खिडकीकडे पाहत, "पाणी दिलं, आणि आत जाऊन ही खिडकी लावून घेतली. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

इस्त्रीवाली खाली बसली. खुर्चीवर नाही, नळाच्या ओट्यावर.

"माझी थोडीच नोकरी राहिलीय, बाई," हवालदार धाकटीला म्हणाला.

"त्रास होणार नाही असं मी सांगणार नाही. होईल. पण तुम्हाला एकटं पडू देणार नाही."

घरी येताना मी म्हटलं, "कसं अचूक पकडलंस गं त्याला!"

तिला ते आवडलं नाही. "मी नाही पकडलं, वहिनी. ज्यांनी मारलं त्यांना ती कुठे उभी होती ते आठवतही नसेल. ह्याला आठवत होतं. इतके दिवस डाचत होतं बिचाऱ्याला."

तिने शब्द पाळला. वरिष्ठांशी भांडून त्याला संरक्षण मिळवून दिलं. ठाण्यातले लोक त्याच्याशी बोलेनासे झाले, तेव्हा ती मुद्दाम त्याच्यासोबत बाकावर बसून चहा पिऊन यायची. मिटवामिटवीचा निरोप पुन्हा आला तेव्हा म्हणाली, "मिटवते. आधी खरं बोलते, मग मिटवते."

सुनावणीला मीही गेले होते. हवालदाराने सगळं सांगितलं. मग धाकटी उठली. मला वाटलं, मोठं भाषण करील.

"सरकारच्या वतीने सांगते," ती न्यायाधीशांना म्हणाली, "ह्या तरुणाचा पाय घसरला नव्हता. त्याला मारलं. मारणारी माणसं आमची होती."

 इस्त्रीवालीने पदर तोंडाला लावला. तिचा मुलगा मात्र गोंधळून आईकडे पाहत होता. धाकटी त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. "काय म्हणाल्या?" त्याने आईला विचारलं. तिला बोलताच येईना.

धाकटीने न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग ती आपली जागा सोडून बाकाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली, जराशी वाकली, आणि तेच शब्द पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"आलं ऐकू," तो म्हणाला.