सॉकेटांची पूजा

गाणं चांगलं ऐकू यावं म्हणून लोक स्पीकर बदलतात. मी भिंत फोडली.

त्याचं असं झालं. धाराशिव, येडशी आणि आमचं कळंब मिळून आम्हा गाणंवेड्यांचा मोबाईलवर एक गट आहे. सगळे पन्नाशीपुढचे, सगळ्यांच्या घरी भलेमोठे स्पीकर आणि सगळ्यांच्या बायका त्या स्पीकरवर काहीतरी ठेवणाऱ्या. (आमच्याकडे कुरडयांचा डबा.) गटाचा प्रमुख मी. घरात माझं कुणी ऐकत नाही, ऑफिसात मला ऐकावं लागतं. माझ्या शब्दाला वजन असलेली जगातली ती एकच जागा.

तर या वजनदार जागेवरून मी एकदा ठासून सांगितलं, "दोष स्पीकरचा नाही, भिंतीतल्या सॉकेटचा आहे. जाड तांब्याचं, चांदीचा मुलामा दिलेलं सॉकेट बसवा. तबल्याची शाईसुद्धा ऐकू येईल!" शाई ऐकू कशी येते हे कुणी विचारलं नाही. मी इतक्या खात्रीनं बोललो होतो, की मलाही पटलं.

पुण्याचा दुकानदार डझनभर एकदम घेतली तरच भाव कमी करणार होता, म्हणून सगळ्यांनी मिळून मागवायचं ठरलं. फक्त धाराशिवचे कुलकर्णी साहेब (बँकेतून निवृत्त, संशयातून अजून नाही) अडून बसले.

"बाळासाहेब, फरक पडला नाही तर प्रमुखपद सोडायचं."

"सोडलं," मी लिहून टाकलं. भाजी घेतानासुद्धा मी इतका ठाम नसतो.

खोकं आलं. रविवारी मंडळी माझ्याकडे जमणार, एक सॉकेट बसवून ऐकणार आणि आपापलं घेऊन जाणार असा बेत. मी भिंत फोडून ठेवली, बायकोला म्हणालो, "सुनंदा, खोक्याला कुणी हात लावायचा नाही," आणि मंडळींना आणायला स्टँडवर गेलो.

एक गोष्ट मी विसरलो. घरी गया आत्या आलेल्या होत्या. आत्यांच्या राज्यात कुठलीही नवी वस्तू पूजेशिवाय वापरात येत नाही. विहिरीवरची मोटार असो, मोटारसायकल असो, न्हाणीतला नळ असो.

मंडळींना घेऊन दारात आलो, तर पाटावर सगळी सॉकेटं ओळीनं मांडलेली. समोर नारळ फोडलेला. प्रत्येक सॉकेटला भोकं तीन. आत्यांनी एकात हळद, एकात कुंकू आणि तिसऱ्यात अक्षता अशी चोख वाटणी केली होती.

"आत्या, हे काय केलंत?"

"आरं, वर एक डोळा, खाली दोन. म्या म्हनलं, म्हादेवाचंच कायतरी असंल."

"मी सांगितलं त्यांना, हात लावू नका," सुनंदा म्हणाली. "म्हणाल्या, हात कुठं लावायलेय, बोट लावायलेय."

कुलकर्णी साहेबांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "बाळासाहेब, यात चांदीचा मुलामा कुठंय?"

"खाली आहे साहेब. कुंकवाच्या खाली."

मग सगळा गट अंगणात बसला. कुणी सॉकेट उलटं करून आपटतंय, कुणी दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडतंय, कुणी सुनंदाच्या केसांच्या आकड्यानं एकेक अक्षत टोकरतंय. येडशीच्या दत्ता गुरुजींनी जोरात फुंकर मारली आणि समोर बसलेल्या कुलकर्णी साहेबांचा मळवट भरला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "लगीन जमलं व्हय कुनाचं?"

शेवटी त्यातलं बरं दिसणारं एक मी भिंतीत बसवलं. जुनं नाट्यगीत लावलं. साहेबांनी डोळे मिटले. माझं प्रमुखपद त्या पापण्यांना लटकलेलं.

"फरक आहे," ते म्हणाले. "आवाज मोकळा झालाय. एकदम पवित्र वाटायलाय."

माझी छाती फुगली. तांबं, चांदी, पकड यांवर मी असं व्याख्यान दिलं, की चहा गार झाला.

दुसऱ्याच दिवशी फोन सुरू. पहिला गुरुजींचा. "तुमच्याकडं वाजलं तसं आमच्याकडं वाजत न्हाय हो." मग दुसरा, मग तिसरा. सूर तोच. शेवटी कुलकर्णी साहेब.

"मी मूळ शोधलंय. आमची सॉकेटं आम्ही घरी येऊन पुन्हा लख्ख पुसली. तुमचं घाईत बसवलं, त्यात पूजा थोडी शिल्लक राहिली. फरक त्याचा आहे."

मी हसणार होतो. पण चांदीच्या मुलाम्यानं गाणं सुधारतं असं ज्यानं छातीठोक सांगितलं, त्यानं कुंकवाला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

पुढच्या रविवारी साहेब स्वतः गाडी घेऊन आले. आत्या पुढं, नारळांची पिशवी मांडीवर घेऊन मी मागं. कळंबातली घरं झाली, येडशी झाली, धाराशिव झालं. आत्यांनी प्रत्येक भिंतीतल्या सॉकेटला कुंकू लावलं (या वेळी फक्त वरून), आणि प्रत्येक घरी आवाज सुधारला! माझ्या मते तितकासा नाही; पण माझं मत कुणी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी गटानं एकमतानं आत्यांना प्रमुख केलं. मीही हो म्हणालो. नाही म्हणून सांगणार कुणाला? त्यांच्याकडे तसला मोबाईल नाही, म्हणून त्या सांगतात आणि मी टाइप करतो. आता सगळ्यांनी मिळून वायर मागवायची चर्चा चालू आहे. परवा आत्यांच्या निरोपाखाली मी आपलंही एक वाक्य हळूच जोडलं आणि सगळं त्यांना वाचून दाखवलं.

"ते शेवटचं खोड," आत्या म्हणाल्या. "ते म्या बोलले न्हाय."

खोडलं.