शिडी लावलेलं विमान

विमान उडावं म्हणून धडपडणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण विमान उडू नये म्हणून जिवाचं रान करणारा माणूस एकच, आणि ते माझे घरमालक आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेली, अंगात बाह्यांचा बनियन, कमरेला वेष्टी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि कानामागे शून्य नंबरचा बारीक ब्रश. वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते आणि इथल्या तमिळ रीतीप्रमाणे त्यांना मामा म्हणते, त्यांच्या बायकोला मामी. दोघंही तंजावरकडची मराठी माणसं. घर द्यायचं तर मराठी बोलणाऱ्यालाच, हा मामांचा हट्ट. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याशी अर्धा तास मराठी बोलून घेतलं आणि मला त्यातलं निम्मं कळलं, निम्म्याला मी मान डोलावली. शेवटी ते मामींना म्हणाले, "पोरगी चांगली, मराठी कोंजम् कच्ची." कोंजम् म्हणजे जराशी. आणि मी, पुण्याची! आता सवय झाली आहे. त्यांचं बोलणं मला जसं ऐकू येतं तसंच इथे लिहिते आहे. त्यांनी वाचलं तर लाल पेन घेऊन बसतील, ते वेगळं.

मामा छोटी विमानं बनवतात. छोटी म्हणजे प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याची. आणि तीही नाना जातींची नाहीत. एकच जात, नॅट. एकाहत्तरच्या लढाईत आपल्याकडे होतं ते बुटकं लढाऊ जेट. खरं नॅटच इतकं लहान की मामांच्या हातातलं वीतभरसुद्धा भरत नाही. तरुणपणी मामा हवाई दलात जमिनीवरचे मेकॅनिक होते आणि नॅटच त्यांच्या ताब्यात असायचं. आता त्यांच्या दर्शनी खोलीतल्या काचेच्या कपाटात, इतरांच्या घरी जिथे बाहुल्या आणि बक्षिसं असतात तिथे, अकरा नॅट ओळीने उभी आहेत. अकराही एकाच रंगाची, एकाच नंबरची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी, "मामा, एकच विमान अकरा वेळा?" असं विचारून बसले. ते म्हणाले, "देवाचें नांव एकदांच घेतीस कां, अम्मा?"

या छंदापायी घरात काय काय होतं ते मामींनाच विचारावं. प्लॅस्टिकचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात ती चौकट मामा फेकत नाहीत. तिची काडी देवघरातल्या समईवर धरायची, मऊ झाली की ओढायची, की केसासारखी तार निघते, ती विमानाची एरियल. एकदा आरती चालू असताना ते काडी घेऊन आले आणि मामींनी घंटा वाजवता वाजवताच त्यांना बाहेर हाकललं. ऐप्पशी-कार्तिकात, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे, पाऊस लागला की इथली हवा इतकी दमट होते की वॉर्निशवर पांढरी साय धरते. त्यावर मामांनी शोधलेला उपाय म्हणजे तांदळाचा डबा. तांदूळ ओल शोषतो म्हणे. एका सकाळी मामींनी इडलीसाठी तांदूळ काढायला माप घातलं आणि मापात शेपटी आली. "पन्नास वरषें झालीं," मामी मला म्हणाल्या, "मी ह्यांना जेवायला घालायलें आणि हे मज विमान घालायले." पण डबा मात्र त्यांनी रिकामा करू दिला नाही. विमान वाळेपर्यंत आम्ही सगळ्यांनी रव्याची इडली खाल्ली.

माझ्याही हातून एक पाप घडलं आहे. पंखांवरची केशरी-पांढरी-हिरवी गोल निशाणं कागदावर छापलेली येतात. कागद पाण्यात बुडवला की कांद्याच्या पापुद्र्यासारखं निशाण सुटं होतं, मग ते ब्रशाने अलगद उचलून पंखावर बसवायचं. एका संध्याकाळी सिरुसेरीहून कंपनीच्या बसने दोन तास उभं आडवं हादरून मी आले, घसा कोरडा पडलेला, टेबलावर पितळी टंबलर भरलेला. इथे पाणी ओठ न लावता, मान मागे टाकून वरून घशात ओततात. मी ते नुकतंच शिकले होते आणि येतंय हे दाखवायची हौस होती. मान वर म्हणजे भांड्यात काय आहे ते दिसायची सोय नाही. मामा ब्रश घेऊन परत आले, रिकाम्या टंबलरमध्ये पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. "अय्यो, डावा पंख गिळलीस, अम्मा!" मामींनी मला केळं दिलं. मामांनी दुसऱ्या दिवसापासून ते निशाण हाताने रंगवायला घेतलं, आणि हाताला कंप असल्यामुळे ब्रश दातात धरून. तीन दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

रंगाची तर वेगळीच तऱ्हा. बाजारात या विमानांसाठी मापून-मोजून बनवलेले रंग मिळतात, पण मामांना ते चालत नाहीत. "डब्यांतला हिरवा त्यांचा हिरवा. आमचा हिरवा आम्ही बालदींत कालवलेला." लढाई तोंडावर आली तेव्हा चांदीसारखी चमकणारी विमानं घाईघाईने हिरवी करायची होती, आणि मामांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ती मिळेल त्या ब्रशाने फासली होती. तो हिरवा आता कुठेही नाही. तो फक्त मामांच्या डोळ्यांत आहे. तो शोधायला ते मला घेऊन टी. नगरला साड्यांच्या दुकानात गेले. गादीवरच्या बिचाऱ्या विक्रेत्याला वाटलं, लेकीचं लग्न आहे. त्याने एकावर एक चाळीसेक हिरव्या साड्या उलगडल्या आणि मामा प्रत्येकीचा पदर दारातल्या उन्हात नेऊन म्हणत, "हें पावसानंतरचें, हें नक्को. मज धुळींतलें पाहिजे." अखेर ब्लाऊजपीसच्या ढिगात तो सापडला. मामांनी ते कापड उचलून दारातल्या उन्हात नेलं. दुकानातली गर्दी त्यांना ढकलून पुढे जात होती आणि हे आपले उभेच. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा छंद-बिंद काही नाही.

त्या दिवशी बसमध्ये मी त्यांना विचारलं, की अकराच्या अकरा विमानांची, वैमानिकाच्या डोक्यावरची, काच उघडी का, आणि प्रत्येकाला शिडी का लावलेली? कारण ते माझ्या मनात केव्हाचं होतं. विमान उडतं करायचं की जमिनीवरचं, हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. खोक्यात दोन्हीची सोय येते, वैमानिकाची इवलीशी आकृतीसुद्धा येते. मामा मात्र चाकं खालीच ठेवतात, आकृती वापरतच नाहीत, आणि खोक्यात नसलेली शिडी झाडूच्या हिरांची करून बाजूला अडकवतात. मामांनी मांडीवरची कापडाची पुडी सारखी केली. मग म्हणाले, "शिडी लावून अहा तोंवर साहेब गेले नाहींत."

साहेब म्हणजे त्यांच्या विमानाचा वैमानिक. पुण्याचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. मामांचं मराठी ऐकून पोट धरून हसायचा. "कुठल्या दरबारातून आलास रे? असं मराठी माझी पणजीसुद्धा बोलत नव्हती!" असं म्हणून रोज काहीतरी बोलायला लावायचा. मामा शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळायचे, काच पुसायचे, ती बंद करायला हात लावायचे आणि शिडी काढून घ्यायचे. त्या लढाईत एका सकाळी त्यांनी हे सगळं रोजच्यासारखं केलं आणि विमान परत आलं नाही. बस्, इतकंच. "मी पट्टे चांगले बांधटलों होतों," ते मला दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "हो मामा."

आता पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मी उत्साहाच्या भरात एका विमानाचा फोटो काढून कुठेतरी टाकला, तो माजी सैनिकांच्या गटांतून फिरत फिरत पुण्यात एका बाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी शेपटीवरचा नंबर ओळखला. त्या साहेबांच्या धाकट्या बहीण, स्वतःच सत्तरीच्या. त्यांचा फोन आला तेव्हा मामा उभ्याने बोलले, टाचा जुळवून. बाईंना भावाचं विमान हवं होतं. पण उडतं हवं होतं. "दादा जमिनीवर कधी बसलाच नाही हो," त्या म्हणाल्या, "मला तो वरच आठवतो." मामा "येस मॅडम" म्हणाले आणि फोन ठेवून अंगणात जाऊन बसले.

बारावं विमान चार महिने चाललं. चाकं आत गेली. शिडी बनवायची नव्हती, तरी सवयीने दोन हीर कापले गेले. वैमानिकाची आकृती पहिल्यांदाच रंगली, आसनात बसली, आणि तिचे नखाएवढे पट्टे मामांनी त्या ब्लाऊजपीसच्या दोऱ्यांचे केले. राहिली काच. काच नेहमी पांढऱ्या गोंदाने लावतात, तो सावकाश धरतो आणि काच स्वच्छ राहते. मामा संध्याकाळी काच लावायचे आणि सकाळी ओल्या कापसाने गोंद सोडवून परत उघडायचे. कधी म्हणे साहेबांची मान वाकडी बसली, कधी म्हणे आत धूळ गेली. कसली धूळ नि कसलं काय! मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काल झांकलें, आज उघडलें. डोळ्यांना ड्रॉप्स घाला म्हटलें तर ह्यांना वेळ नाहीं." पण रागावल्या नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी मामांना काहीच काम सांगितलं नाही.

मी शनिवारी पुण्याला जाणार होते आणि विमान माझ्यासोबत जायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी खाली गेले तर मामा कोपऱ्यावरच्या दुकानातून क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब आणून बसले होते. म्हणाले, "हा लावटलों तर मज परत उघडतां येणार नाहीं." त्यांनी कडेला गोंद फिरवला, काच दोन बोटांत धरली आणि बसवली. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं. ते काहीतरी पुटपुटले, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सकाळी बॅग घेऊन खाली आले तर मामांचं तोंड पडलेलं. त्या गोंदाच्या वाफेने काचेच्या आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा उमटला होता. पांढरा, रेघ न् रेघ दिसणारा. बोटांचा स्पर्श झालेला असला की ती वाफ नेमकी तिथेच धरते, हे मामांना ठाऊक होतं, आणि घाईत काच आतून पुसायची ते विसरले होते. पन्नास वर्षांत काच पुसायला न विसरलेला माणूस! "हें नक्को पाठवूं. मी दुसरें करतों. त्यांना सांग, चूक माझी." मग मात्र माझा पारा चढला. म्हटलं, "मामा, त्या बाई सत्तरीच्या, तुम्ही पंचाहत्तरीचे, दुसरं कधी करणार? द्या इकडे!" मुरुक्कूच्या, म्हणजे चकलीच्या, डब्यात कापूस घालून मी विमान ठेवलं आणि पुण्यापर्यंत मांडीवरून खाली उतरवलं नाही.

बाईंनी डबा उघडला, विमान दोन्ही हातांनी उचललं आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेलं. मी घाईघाईने सांगायला लागले, की मामा फार वाईट वाटून घेताहेत, ठसा राहिला, गोंद चुकीचा होता. त्यांनी मला थांबवलं. "त्या सकाळी दादाचे पट्टे यांनीच बांधले होते?" मी हो म्हटलं. "आणि काच?" काचही त्यांनीच पुसली होती, त्यांनीच हात लावून बंद केली होती, असं मी सांगितलं. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे नुसती तार आली. आई शेवटपर्यंत विचारायची, निघताना त्याच्याजवळ कोण होतं गं? मला सांगता यायचं नाही." आणि त्यांनी आपला अंगठा बाहेरून त्या ठशावर ठेवला आणि तसाच ठेवला. मग विमान खिडकीत ठेवलं. ती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला इतकी चिकटून आहे की समोरच्या घरातलं वाळत घातलेलं धुणंसुद्धा हाताला येईल. घरात दुसरी मोठी खिडकीच नाही.

परत आल्यावर मी मामांना सगळं सांगितलं. अंगठ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान फिरवली, आणि मामी उगाचच कॉफी करायला आत गेल्या. मामांच्या टेबलावर नवीन खोकं नव्हतं. ब्रश धुऊन उभे ठेवलेले होते. मग कॉफीचा टंबलर खाली ठेवत त्यांनी विचारलं, "कुठें ठेवटल्या?"

"खिडकीत."

"खिडकींतून आकाश दिसतें कां, अम्मा?"

मी सहसा खोटं बोलत नाही. "दिसतं मामा," मी म्हटलं, "भरपूर दिसतं."